टीवरून पलीकडचं दिसत नाही: घंटा, खांब की माणूस?

कातळसडा:
मंडळी, देवगडच्या बाजूला सड्यावर गोल्फचा नऊ होलचा छोटा कोर्स आहे. चौथा होल पार-४ (चार फटक्यांत पुरा करायचा), ३६० यार्ड, तोंड पश्चिमेला. टीपासून, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागेपासून, १३० यार्डांवर जांभ्याचा उंचवटा, टीपेक्षा वीसेक फूट वर. ड्राइव्ह (टीवरून मारलेला लांब फटका) पडतो तो पलीकडचा उतार, म्हणजे १९० ते २५० यार्डांचा पट्टा, टीवरून अजिबात दिसत नाही. त्यातच २३५ यार्डांवर काजूच्या बागांकडे जाणारी वहिवाटीची पायवाट फेअरवे (खेळायचा कापलेल्या गवताचा पट्टा) ओलांडते. ती बंद करता येणार नाही, करायचीही नाही. सध्याची पद्धत एवढीच: पाच मिनिटं थांबा, ‘फोर’ (म्हणजे ‘सांभाळा’) ओरडा, मारा. तिथे वीज नाही, बजेट बेताचं. काय बसवावं, कुठे, आणि खेळाडूंना कोणता नियम घालून द्यावा?

हिरवळवाला:
आधी ती पाच मिनिटं काढून टाका. पुढच्या चौघांचे दुसरे फटके चार-पाच मिनिटांत होतात हे खरं, पण त्यातल्या एकाचा बॉल रानात गेला की शोधायला तीन मिनिटं आणखी. घड्याळाला ते कळत नाही.

ओरडण्याचंही तसंच. ड्राइव्ह पाचसहा सेकंद हवेत असतो आणि आवाज २३५ यार्डांवर सेकंदाच्या आत पोचतो, म्हणजे कागदावर चार-पाच सेकंद हातात मिळतात. पण तुमचा होल पश्चिमेकडे खेळतो. दुपारी खारा वारा सुटला की टीवरची हाक वाऱ्याविरुद्ध जाते. अशा वेळी आवाज वर वळतो आणि पलीकडच्याच्या डोक्यावरून निघून जातो. शिवाय मध्ये उंचवटा आहेच. फटका वाकडा गेला तर ओरडायचंच, पण त्याला व्यवस्था म्हणू नका.

घंटेचं नेमकं उलट होतं, कारण तिचा आवाज वाऱ्यासोबत टीकडे येतो. देवळात असते तशी पाचएक किलोची पितळी घंटा पुरे. शाळेत टांगतात तो रुळाचा तुकडाही चालेल, फक्त गंजतो. पक्की करण्याआधी एकदा भर दुपारी आणि एकदा सकाळी, मतलई वारा असताना, टीवर उभं राहून ऐकून बघा.

जागा महत्त्वाची. बॉल पडतो तिथे घंटा लावली तर वाजवणाराच माऱ्यात उभा. मार्च-एप्रिलमध्ये कातळावरचा फेअरवे इतका टणक होतो की २२० यार्डांवर टेकलेला बॉल उतारावर आणखी ५०-६० यार्ड सहज घरंगळतो. म्हणून घंटा ३१० ते ३२० यार्डांवर, डाव्या अंगाला. उजव्या हाताच्या खेळाडूचा बिघडलेला फटका बहुतेकदा उजवीकडे जातो. (डावखुरे मंडळी, माफ करा.) वाजवायची ती ग्रुपमधल्या शेवटच्या माणसाने, तीन ठोके. ‘शेवटच्या’ हे पाटीवर लिहा. पुढे गेलेला पहिला गडी हौसेने दोरी ओढतो आणि मागचा अजून बॉल शोधत असतो, असंच सगळीकडे होतं.

वाशिष्ठी१८:
खांबाबद्दल. उंचवट्याच्या माथ्यावर दिशा दाखवणारा खांब हवाच, पण लोखंडी नको. खाऱ्या हवेत तो टिकत नाही, आणि खालून आलेला बॉल त्यावर आपटून परत टीकडे येतो. माणग्याची (भरीव बांबूची) १२ फुटी काठी घ्या. जांभ्यात दोन फुटांचं भोक पाडून त्यात पीव्हीसी पाइपचा तुकडा काँक्रीटने बसवा आणि काठी त्यात नुसती उभी करा. पावसाळ्यानंतर बदलायला दोन मिनिटं. रंग नुसता पांढरा नको. दुपारी समोर ऊन आणि धुरकट आभाळ असतं, त्यात पांढरं विरघळतं. फूट-फूटभराचे लाल-काळे पट्टे द्या.

गफलत होते ती टी मार्कर (कुठून मारायचं ते दाखवणाऱ्या खुणा) हलवल्यावर. खांब १३० यार्डांवर आणि बॉल पडणार २३० वर, असं असताना मार्कर पाच यार्ड डावीकडे सरकवले, तर त्याच खांबावर नेम धरलेला बॉल पलीकडे जवळजवळ चार यार्ड उजवीकडे पडतो. दहा यार्ड सरकवले तर आठ. उजवीकडे बाग असेल तर हे थोडं नाही. म्हणून खांबासाठी दोन-तीन भोकं पाडून ठेवा आणि माळ्याला सांगा, मार्कर हलले की काठीही हलली पाहिजे. आयर्लंडमधल्या लाहिंचच्या ‘डेल’ या पार-३ वर टेकडीवर पांढरा दगड असतो, तोसुद्धा ग्रीनवरचं (शेवटच्या हिरवळीवरचं) बॉल घालायचं भोक हललं की हलवतात.

कातळसडा:
दोघांचेही आभार. म्हणजे घंटा आणि काठी एवढ्यावर भागेल का? की स्कॉटलंडमध्ये ईलीला पहिल्या टीजवळ पाणबुडीचा पेरिस्कोप लावलाय, तसं काही करता येईल?

आगेवाला_मालवण:
नाही भागणार. घंटा एवढंच सांगते की पुढचे खेळाडू गेले. बागेतून डोक्यावर क्रेट घेऊन येणाऱ्या बाईला घंटा वाजवायची नसते, गवत कापणाऱ्या माळ्याला नसते आणि भातकापणीनंतर मोकळ्या सोडलेल्या गुरांना तर नाहीच. तुमच्या होलवर खरा धोका पायवाटेचा आहे, त्यामुळे माथ्यापलीकडे कुणाचे तरी डोळे हवेत.

पेरिस्कोपचा हिशेब करा. माथा वीस फूट वर आणि पायवाट माथ्यापेक्षा दहा फूट खाली धरली, तर टीवरून ती वाट दिसायला डोळा बत्तीसेक फुटांवर न्यावा लागतो. एवढा मनोरा टीवर कोण बांधणार? माथ्यावरच, रेषेपासून तीसेक यार्ड डावीकडे, जांभ्याचा छातीभर गडगा रचा आणि आगेवाला (पुढे थांबून वाट आणि बॉल बघणारा माणूस) तिथे उभा करा. त्याच्याकडे दोन निशाणं, लाल आणि हिरवं. हिरवं दिसलं तरच मारायचं. काहीच दिसलं नाही तर लाल समजायचं. हे उलटं ठेवलंत तर तो पाणी प्यायला खाली बसला की टीवरचे मारणार. हिरवं दाखवून झालं की त्याने गडग्याआड व्हायचं, कारण टोपलेला, म्हणजे वरच्या कडेला फटका बसलेला, बॉल जमिनीलगत सुसाट येतो. हेल्मेट द्या.

आगेवाला नसेल त्या दिवशी ग्रुपमधला एक जण गडग्यापर्यंत चालत जाईल, बघेल, निशाण दाखवेल आणि सगळ्यांचे फटके होईपर्यंत आडोशालाच थांबेल. त्याने आपला फटका शेवटी, दुसऱ्या कुणाला तिथे पाठवून मारायचा. वेळ जातो. जाऊ दे.

पायवाट बंद करू नका, पण ओलांडायची जागा बदलता येते. गावकऱ्यांशी बोलून ती टीकडच्या बाजूला, नव्वद-शंभर यार्डांवर आणा, म्हणजे येणारा माणूस टीवरून सरळ दिसेल. चाल थोडी वाढेल, म्हणून वाट नीट करून द्या, पायऱ्या खोदा. ते जमेपर्यंत फेअरवेच्या दोन्ही कडांना पुरुषभर उंचीचा गडगा घाला, आणि टीवर मोठी पाटी: वाटेवरच्या माणसाचा हक्क पहिला. आंब्याच्या हंगामात, मार्च ते मे, सकाळी वर्दळ जास्त. तेव्हा आगेवाल्याशिवाय हा होल उघडूच नका. आणि बॉल माणसाच्या दिशेने गेलाच तर ‘फोर’ नको, ‘बॉल इलो, खाली बस!’ असं ओरडा.

नियमबुक:
नियमांतल्या तीन गोष्टी, ज्यांचा थेट सुरक्षिततेशी संबंध आहे.

बॉल हरवला असेल अशी शंका आली तर टीवरूनच प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा बॉल) मारा, आणि मारण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ असं स्पष्ट म्हणा. नाही म्हटलं तर तोच बॉल खेळात धरला जातो, दंडासकट. अशा होलवर सगळ्यांत घातक प्रकार म्हणजे बॉल सापडला नाही म्हणून माथा ओलांडून टीकडे परत येणारा खेळाडू. तेवढ्यात मागच्या ग्रुपने घंटा ऐकलेली असते.

कमिटीला हे मुळातच टाळायचं असेल तर नमुना स्थानिक नियम ई-५ लागू करा. तो २०१९ पासून आहे. बॉल हरवला किंवा हद्दीबाहेर गेला तर टीकडे न परतता, ठरलेल्या टापूत दोन फटक्यांच्या दंडाने ड्रॉप घेता येतो (बॉल हातातून खाली सोडून तिथून खेळता येतं). वरच्या दर्जाच्या स्पर्धांसाठी तो नाही, तुमच्या रविवारच्या खेळाला अगदी योग्य.

तिसरं: कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा) किंवा दुसरा कुणी रेषेवर उभा राहून दिशा दाखवू शकतो, पण फटक्याआधी त्याने बाजूला व्हायलाच हवं. दिशा दाखवायला बॅग किंवा टॉवेल मात्र ठेवायचाच नाही, फटक्याआधी उचलला तरी. कमिटीने रोवलेल्या काठीला हे लागू नाही.

हिरवळवाला:
आगेवाल्याचा मुद्दा मान्य, माझ्याकडून पायवाट राहिली होती. एक भर: ज्यांना माथा पार करायची खात्री नाही त्यांना टीवरच सांगा, आयर्नने (आखूड फटक्याच्या क्लबने) १०० ते ११० यार्ड मारा आणि माथ्याच्या अलीकडे थांबा. पण त्यांचा दुसरा फटकाही आंधळाच असतो हे विसरलं जातं. त्यासाठीही तेच निशाण, तीच घंटा.

घंटेचा लोलक आणि कडी स्टेनलेस ३१६ ची घ्या. साधा नटबोल्ट खारा वारा एका पावसाळ्यात खातो. दोरी नायलॉनची, मृगाआधी बदला. धुक्यात माथ्यावरचं निशाण टीवरून दिसेनासं झालं की होल बंद, मग घंटा कितीही वाजो.