सिनेमा बघितला नसेल तर थीम पार्कला जायचंच नाही का आता?

सातारची_लेक

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आधी आई-बाबांना घेऊन अमेरिकेतल्या ऑरलँडोला जाऊन आलो, तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते इथे टाकतेय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. आई इंग्रजी सिनेमे बघत नाही, बाबा बघतात पण त्यांचे ते जुने युद्धाचे वगैरे. मी आणि नवरा २०१३ ला डिस्नेला गेलो होतो आणि तेव्हापासून माझ्या मनात होतं की एकदा या दोघांना इथे आणायचं.

पहिल्या दिवशी डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कात पायरेट्स ऑफ द कॅरिबियनच्या बोट राइडमध्ये बसलो. त्यात तुरुंगाचा एक सीन आहे बघा, आतले कैदी हाड दाखवून, शिट्ट्या वाजवून बाहेरच्या कुत्र्याला बोलावतायत कारण कोठडीची किल्ली त्याच्या तोंडात आहे, आणि कुत्रा ढिम्म हलत नाही. आई इतकी हसली! बोट पुढे गेली तरी मान वळवून मागे बघत होती. तिला ना त्या सिनेमातला जॅक स्पॅरो माहीत ना इंग्रजी संवाद कळले, पण सगळं समजलं. सातारला मावशीला फोनवर तोच कुत्रा सांगत होती. हॉन्टेड मॅन्शन या भुताच्या राइडचंही तेच, शेवटी आरशात आपल्या शेजारी भूत येऊन बसलेलं दिसतं ना, तिथे बाबांनी चक्क सरकून जागा करून दिली त्याला.

दुसऱ्या दिवशी एप्कॉट, डिस्नेचंच दुसरं पार्क, त्यात देशोदेशीचे विभाग आहेत. तिथल्या नॉर्वेच्या विभागात पूर्वी मेलस्ट्रॉम म्हणून बोट राइड होती, २०१३ ला आम्ही तिच्यात बसलो होतो. जंगलातले ट्रोल, म्हणजे तिकडच्या लोककथांतले राक्षस, चिडतात, तुम्ही आमच्या हद्दीत आलात म्हणतात आणि बोट उलटी मागे ढकलून देतात, मग धबधबा, मग वादळी समुद्र आणि तेलाची विहीर. फार ग्रेट नव्हती, खरं सांगायचं तर थोडी जुनाटच, पण नॉर्वेची होती. २०१४ मध्ये ती बंद केली आणि २०१६ ला तिथेच फ्रोझन सिनेमाची राइड आली. मार्ग तोच ठेवलाय. त्यामुळे जिथे ट्रोल बोट मागे ढकलायचे तिथेच आता त्या सिनेमातली बर्फाची राणी एल्सा गाणं म्हणत हात पसरते आणि आपली बोट उलटी जाते. आईने माझा दंड धरून विचारलं, "ही चिडली का गं आपल्यावर? आपण काय केलं?" आता तिला काय सांगू, आख्खा सिनेमा सांगावा लागला असता. ट्रोल का चिडलेत ते मात्र न सांगता कळायचं.

आणि तिसरं म्हणजे मॅजिक किंगडमच्या नदीतली ती मोठी चाकाची बोट. बाबांना मी महिनाभर आधीपासून सांगत होते, बाबा तिथे चालायचं नाही, रांग नाही, नुसतं रेलिंगला टेकून बसायचं. गेलो तर पत्र्याचं कुंपण. बुकिंगच्या गडबडीत मी नीट बघितलंच नव्हतं, ती नदी आणि तिच्यातलं टॉम सॉयर बेट दोन्ही २०२५ च्या जुलैमध्ये बंद झालंय, तिथे कार्स सिनेमाचा भाग येणार. बाबा काही बोलले नाहीत, कुंपणाजवळच्या बाकावर बसले थोडा वेळ. मला फार लागलं ते.

तर विचारायचंय ते हे की हे असंच होत जाणार का सगळीकडे, आधी सिनेमा बघा मग पार्कला या? आणि दुसरं, सिनेमा न बघितलेल्या माणसालाही मजा येईल अशी पार्कं कुठे उरलीयत? पुढच्या वर्षी दोघांना अजून एक ट्रिप घडवायचीय.

वारकरी_ऑरलँडोचा

ताई, नदीचं वाचून गलबललं. १९७१ ला मॅजिक किंगडम उघडलं तेव्हापासून ती नदी होती. ६ जुलै हा शेवटचा दिवस, मी इथेच राहतो म्हणून मुद्दाम गेलो होतो, बोटीवर उभं राहायला जागा नव्हती.

पण पूर्वी सगळं स्वतःचं होतं आणि आता सिनेमावाल्यांनी बिघडवलं, असं काही नाहीये. कॅलिफोर्नियाचं डिस्नेलँड १९५५ ला उघडलं तेव्हा पहिल्या दिवसापासून पीटर पॅन आणि स्नो व्हाइटच्या राइड्स होत्या. इतकंच काय, तिथला किल्ला स्लीपिंग ब्यूटीच्या नावाचा आणि तो सिनेमा आला १९५९ ला, म्हणजे चार वर्षं लोक न आलेल्या सिनेमाचा किल्ला बघत होते. तुमचं टॉम सॉयर बेटसुद्धा पुस्तकातूनच आलेलं की.

माझ्या मते कसोटी वेगळी आहे. तुम्ही पायरेट्सचं लिहिलंत ती राइड मूळ कॅलिफोर्नियातली, १९६७ ची आणि सिनेमा २००३ चा, म्हणजे आधी राइड आणि तिच्यातून सिनेमा, जॅक स्पॅरोला आत बसवलं ते २००६ मध्ये. आता उलटं उदाहरण बघा. स्प्लॅश माउंटन ही राइड १९८९ ची, ती बेतलेली होती १९४६ च्या एका सिनेमावर. त्यातल्या काळ्या लोकांच्या चित्रणावर एवढी टीका झाली की डिस्नेने तो अमेरिकेत घरी बघायला व्हिडिओवर कधी काढलाच नाही. म्हणजे तीस वर्षं त्या राइडला रांग लावणाऱ्या बहुतेकांनी तो सिनेमा बघितलेलाच नव्हता! तरी चालली, कारण ससा, कोल्हा, अस्वल आणि शेवटी मोठी उडी, यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतंच. २०२४ ला तिच्या जागी टियाना या राजकन्येच्या डिस्ने सिनेमाची राइड आली. सिनेमा घ्या, हरकत नाही, पण राइड स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. तुमच्या आईंना डिस्नेच्याच अॅनिमल किंगडम पार्कात नावी नदीच्या बोटीत बसवलंत का? अवतारमधली आहे, पण अंधारात चमकणाऱ्या झाडांमधून हळू जायचं एवढंच, सिनेमा माहीत असायची गरजच नाही.

कंपन्या असं का करतात तर सरळ आहे. एक मोठी राइड म्हणजे शेकडो मिलियन डॉलर, एवढा पैसा टाकताना वरच्या माणसाला लोकांच्या ओळखीचं नाव हवं असतं. २०१० ला डिस्नेच्या प्रतिस्पर्धी युनिव्हर्सलने आपल्या पार्कात हॅरी पॉटरचा भाग उघडला, ते त्यांचं स्वतःचंही नाही, वॉर्नरकडून हक्क घेतलेले, तरी जादूच्या छड्या, झगे आणि बटरबिअर नावाचं पेय घ्यायला लोक तासन्तास उभे. ते बघितल्यावर डिस्नेसुद्धा गप्प बसणार नव्हतं, तोवर पिक्सार आणि मार्व्हल विकत घेऊन झालेलं, २०१२ ला लुकासफिल्मही घेतलं.

मला राग फक्त एकाच गोष्टीचा येतो. ओळखीचं नाव नसेल तर वस्तू खपत नाहीत असं गृहीत धरलं जातं. मग फिगमेंटचं काय? एप्कॉटचा तो छोटा जांभळा ड्रॅगन, १९८३ च्या राइडमधला, त्याचा आजवर एक सिनेमा नाही. २०२२ च्या जानेवारीत त्याची पॉपकॉर्नची बादली निघाली तर माणसं तासन्तास रांगेत होती. मी पण होतो. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी कोऱ्या कागदावर काढलेल्या प्राण्यासाठी. आज असा नवीन प्राणी कुणी काढायला घेतला तर चाळीस वर्षांनी त्याची बादली निघेल ना, नाहीतर कशाची निघणार?

मीरू_आणि_मी

माझी बाजू वेगळी आहे. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, एल्सा दिसली तेव्हा ती रडली, आनंदाने, मी असं तिला कधीच बघितलं नव्हतं. तिला मेलस्ट्रॉम माहीतही नाही आणि तिचं काही हुकलंय असं मला वाटत नाही. आजीला जशी कुत्र्याची मजा तशी नातीला एल्साची. फक्त नॉर्वेत कशाला, हे मलाही वाटलं, दुसरीकडे बांधायचं की.

निशीकासाईकर

सातारची_लेक ताई, पुढच्या वर्षी जपानला या! आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो, इथे आपली माणसं भरपूर आहेत आणि डिस्नेसी इथून हाकेच्या अंतरावर. आईंसाठी हेच पार्क, मी डोळे झाकून सांगतो.

हे पार्क डिस्नेच्या मालकीचं नाही, ओरिएंटल लँड म्हणून जपानी कंपनी आहे, ती डिस्नेला रॉयल्टी देते आणि खर्च स्वतः करते. २००१ ला उघडलं तेव्हा बरंचसं नवीनच रचलेलं, मधोमध ज्वालामुखी, त्याच्या पोटात ज्यूल व्हर्नच्या गोष्टीतली पृथ्वीच्या गर्भाची राइड. टॉवर ऑफ टेरर ही राइडसुद्धा अमेरिकेत एका जुन्या टीव्ही मालिकेवर आहे, ती जपानमध्ये कोणाला फारशी माहीत नाही म्हणून इथे गोष्टच नवीन लिहिली. हायटॉवर नावाचा श्रीमंत गडी जगभरातून लुटलेल्या मूर्ती हॉटेलात आणून ठेवतो, त्यातली एक मूर्ती १८९९ च्या शेवटच्या रात्री त्याला भोवते. रांगेत उभ्या उभ्याच सगळं कळतं, भाषा येवो न येवो.

आणि सिंदबादची बोट. सिंदबादबरोबर वाघाचं एक पिल्लू असतं त्याचं नाव चंदू! खरंच चंदू. माझ्या मुलाने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला वाटलं आपल्या चंदूकाकांचं नाव ठेवलंय. आता घरी दोन कापडी चंदू आहेत, एक खूप धुऊन धुऊन पांढरा पडलाय. बोट संथ, गाणं गोड, रांग बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत. माझे सासरे एका दिवसात चार वेळा बसले.

पण इथेही वारं फिरलंय. स्टॉर्मरायडर म्हणून वादळात विमान घालायची राइड होती, पार्काची स्वतःची, ती २०१६ ला बंद झाली आणि तिथे निमो सिनेमाची राइड आली. २०२४ च्या जूनमध्ये फँटसी स्प्रिंग्स हा नवा भाग उघडला, ३२० अब्ज येन खर्चून, त्यात फ्रोझन, टँगल्ड आणि पीटर पॅन या सिनेमांच्या राइड्स. सुंदर आहे हो, टँगल्डच्या कंदिलांखाली बोट येते तेव्हा सगळेच गप्प होतात. पण एवढ्या पैशात एखादा नवीन चंदू जन्माला आला असता असं मला तिथे उभं राहून वाटलंच.

पनवेलचा_बाळू

मी दुबईत नऊ वर्षं होतो, आता पनवेलला. आमच्या अण्णांना २०१८ ला बॉलीवूड पार्क्सला नेलं होतं. म्हणजे तुमच्या अगदी उलट केस, इथे सिनेमे सगळे अण्णांचेच! शोलेची राइड होती, गाडीत बसून बंदुकीने डाकू उडवायचे. अण्णा नेम धरायचं सोडून राइडभर गब्बरचे संवाद म्हणत होते, बाहेर आल्यावर आवाज बसलेला. तो आनंद मी कधी विसरणार नाही, म्हणून सिनेमावाल्या राइडला नुसती नावं ठेवायला माझं मन होत नाही. पण आमच्या मागच्या गाडीत एक परदेशी कुटुंब होतं, ते बिचारे शांतपणे गोळ्या मारत होते, गब्बर कोण आणि त्याला शोधायचं का, त्यांना काय माहीत. तुमच्या आईंसारखंच झालं ना. २०१६ ला उघडलं आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये ते पार्क कायमचं बंद झालं. कारणं पुष्कळ असतील, पण जगभरचे लोक येणाऱ्या शहरात ज्यांना सिनेमा माहीत आहे त्यांच्यापुरतीच मजा ठेवली तर गिऱ्हाईक आपोआप कमी होतं असं माझं मत. शिवाय तिथे रा.वनचीही राइड होती, तो सिनेमा २०११ चा, पार्क उघडेपर्यंत पोरं दुसऱ्याच सुपरहिरोवर गेलेली.

आपल्या खोपोलीच्या इमॅजिकात दोन्ही आहे बघा. मिस्टर इंडियाची राइड आहे, मोगॅम्बोसकट, ती चाळिशीच्या पुढच्यांना जास्त भावते, माझा पुतण्या विचारत होता हा टोपीवाला कोण. पण राजासॉरस बघितलीत का कुणी? पाण्यातून बोट आणि समोर डायनासोर. तो राजासॉरस खरा आहे, नर्मदेच्या खोऱ्यात हाडं सापडली, २००३ मध्ये त्याला नाव दिलं. कुणाच्या सिनेमाचा हक्क घ्यायला नको, आपल्याच जमिनीतला प्राणी. पुतण्या घरी येऊन नकाशात नर्मदा शोधत बसला होता. अशा दहा राइड्स करा म्हणावं, आपल्याकडे गोष्टींना काय तोटा आहे, सह्याद्रीतला एकेक किल्ला म्हणजे एकेक राइड आहे.

कालव्याकाठी

पनवेलच्या बाळूंना +१. मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असते, आमच्याजवळ एफ्टेलिंग नावाचं पार्क आहे. १९५२ ची परीकथांची बाग, तिच्याभोवती पार्क वाढत गेलं, वर्षाला ५० लाखांहून जास्त लोक येतात आणि राइड्स जवळपास सगळ्या यांच्या स्वतःच्या किंवा लोककथांमधल्या. ड्रोमव्ह्लुख्त म्हणून एक आहे, १९९३ ची, हवेत तरंगत पऱ्यांच्या जंगलातून जायचं, ती तर फक्त बघण्याची. १९६६ ची एक कमळांची राइड आहे, नाव चक्क भारतीय कमळं, आणि तिची गोष्ट लिहिलीय बेल्जियमच्या राणी फाबिओलाने.

पण आमच्याकडे सगळ्यात लाडका आहे कचऱ्याचा डबा. एक जाडा माणूस तोंड उघडून बसलेला असतो आणि सारखा ओरडतो, कागद इकडे, कागद इकडे. तोंडात कागद टाकला की आत ओढून घेतो आणि धन्यवाद म्हणतो. माझी आई नाशिकहून आली होती, गुडघे दुखतात म्हणून आम्ही तिला बाकावर बसवून राइडला गेलो, परत आलो तर ती त्या डब्यापाशी उभी, पर्समधली जुनी तिकिटं, औषधाच्या पावत्या काढून एकेक भरवतेय आणि शेजारी तीन डच पोरं आपल्या हातातले कागद तिला आणून देतायत. तिला डच येत नाही, पोरांना मराठी येत नाही. आम्ही तिथून वीस मिनिटं हललो नाही.

सातारची_लेक

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वारकरीदादा, किल्ल्याचं वाचून बाबा म्हणाले म्हणजे यांनी वरात आधी काढली आणि लग्न चार वर्षांनी. नावी नदीला गेलो नव्हतो, अॅनिमल किंगडम राहिलंच. मीरू_आणि_मी, तुमचंही खरंय, माझ्या मनात ते आलंच नव्हतं, तिथे आमच्या पुढच्या बोटीत एक छोटी मुलगी एल्साला हात करत होती.

आईला कचऱ्याचा डबा आणि चंदू दोन्ही वाचून दाखवलं. ती म्हणतेय आधी चंदू. निशीकासाईकर, आई-बाबांना भारतीय पासपोर्टवर साताऱ्याहून जपानचा व्हिसा काढायला किती दिवस आधी लागायचं, आणि एप्रिलमध्ये तिथे गुडघेवाल्यांना झेपेल इतकी थंडी असते का, तेवढं सांगाल का?