मदत हवी आहे: औषध दुकानात मिळतंय, मग उंदीर कशाला? (मेटफॉर्मिन जेल, एम.फार्म. प्रबंध)

सीमेवरची

नमस्कार मंडळी. मी निपाणी भागातली, बेळगावात एम.फार्म. करतेय, विषय फार्माकॉलॉजी, दुसरं वर्ष. प्रबंध असा की मधुमेह केलेल्या विस्टार (प्रयोगशाळेत वापरतात त्या जातीच्या) उंदरांच्या पाठीवर छोटी जखम करायची आणि तिच्यावर मेटफॉर्मिनचं जेल लावून ती लवकर भरते का ते बघायचं. मधुमेहाची गोळी म्हणून वर्षानुवर्षं चालत आलेलं औषध वेगळ्या कामाला लावायचं. हल्ली याला 'ड्रग रिपर्पजिंग' म्हणतात.

विषय हाच का, तर आमच्याकडं ऊस-तंबाखूच्या रानात अनवाणी चालणारी माणसं पुष्कळ. त्यात साखर असली की पायाला मुंग्या, बधिरपणा. काटा रुतला तरी कळत नाही. मग ती जखम चिघळत राहते. मेटफॉर्मिन स्वस्त आहे, गावच्या मेडिकलात मिळतं. त्याचा जखमेवर थेट उपयोग झाला तर बरंच की.

अडचण ही की कॉलेजच्या प्राणी-प्रयोग समितीनं प्रस्ताव परत पाठवलाय. समितीत एक सदस्य शास्त्रज्ञ नसलेले, समाजाच्या बाजूनं बघणारे असतात. त्यांनी विचारलं, "हे औषध लाखो माणसं रोज पोटात घेतात. सुरक्षित आहे हे ठाऊक आहे. मग उंदरांना त्रास कशाला?" खरं सांगायचं तर घरी आप्पांनीही हेच विचारलं होतं. पुस्तकी उत्तर दिलं, "यंत्रणा तपासण्यासाठी" वगैरे. ते त्यांना पटलं नाही, आणि आता मलाही पटत नाही.

शिवाय सहा गटांत सहा-सहा, असे ३६ उंदीर का, हे विचारलंय. आणि तोंडानं द्यायच्या गटात किलोला ५०० मि.ग्रॅ. मात्रा का? ती मी एका जुन्या प्रबंधातून घेतली होती. गाईड म्हणतात, "दोन ओळी घालून परत टाक." पण मला नीट समजून घ्यायचंय. कुणी या क्षेत्रात काम केलंय का?

साधा_कुंदा

मी फार्मसीवाला नाही, कॅम्पात दुकान आहे. पण त्या सदस्यांचा प्रश्न मला एकदम रास्त वाटतो. डॉक्टरांनी पेशंटच्या परवानगीनं थोडं लावून बघितलं तर काय बिघडलं?

मार्कंडेय

ताई, प्रश्न चांगला आहे आणि समितीही चांगली भेटलीय. बऱ्याच ठिकाणी नुसता शिक्का बसतो. मी काही वर्षं एका औषध कंपनीच्या प्रीक्लिनिकल, म्हणजे माणसांच्या आधी जनावरांवर औषध तपासणाऱ्या विभागात होतो, आता गावी असतो. जमेल तसं सांगतो.

आधी कुंदासाहेबांना. गोळी सुरक्षित म्हणजे जेल सुरक्षित असं होत नाही. गोळीतलं औषध आतड्यातून रक्तात जातं आणि रक्तात ठरावीक पातळीच्या वर जात नाही. जेलमध्ये तेच औषध उघड्या मांसावर, रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त तीव्रतेनं बसतं. नव्या पेशी तिथं तग धरतील की मरतील हे गोळीच्या अनुभवातून कळत नाही. कायदाही हेच धरून चालतो. २०१९ च्या 'नवी औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमां'नुसार मान्यता असलेलं औषध नव्या आजारासाठी, नव्या स्वरूपात किंवा नव्या मार्गानं द्यायचं म्हटलं की ते 'नवं औषध' ठरतं. डॉक्टरला वाटलं म्हणून लावलं, असं नाही चालत.

पण ताई, फक्त एवढंच लिहून समितीकडं जाऊ नका. तुमच्याच प्रयोगात एक खोच आहे. गोळीनं साखर उतरली की जखम तशीही बरी भरते. मग जेलनं जखम भरली तर ती जेलमुळं, की औषध कातडीतून रक्तात जाऊन साखर उतरली म्हणून? हे वेगळं करायचं असेल तर उंदराची साखर, जखमेचं क्षेत्रफळ आणि कातडीचा तुकडा हे सगळं ठरल्या दिवशी एकाच जनावरात बघावं लागतं. पेशंटच्या पायाचा तुकडा दर आठवड्याला कोण कापू देईल? उंदीर का, याचं खरं उत्तर हे आहे.

आता ५०० चं गणित. उंदराची मात्रा माणसात आणताना वजनाला वजन लावत नाहीत, शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबानं ६.२ नं भागतात. ५०० भागिले ६.२ म्हणजे साधारण ८०. साठ किलोच्या माणसाला ८० गुणिले ६० म्हणजे जवळजवळ ४.८ ग्रॅम! मेटफॉर्मिनची दिवसाची कमाल मात्रा अडीच ग्रॅमच्या आसपास. म्हणजे जो डोस कुठलाही डॉक्टर देणार नाही त्यावर तुमचा निष्कर्ष उभा राहणार. उलट चला: २००० मि.ग्रॅ. भागिले ६० म्हणजे ३३, गुणिले ६.२ म्हणजे सुमारे २०५. किलोला २०० धरा आणि हे गणित प्रस्तावात तसंच्या तसं लिहा.

जुन्या औषधांना नवी कामं शोधण्यात सगळ्यात जास्त लोक इथंच घसरतात. कोविडच्या काळात आयव्हरमेक्टिनचं काय झालं आठवा. प्रयोगशाळेत ५ मायक्रोमोलर एवढ्या तीव्रतेला पेशींमधला विषाणू कमी झाला, बातम्या झाल्या, लोकांनी जनावरांचं औषधसुद्धा घेतलं. नेहमीच्या डोसला माणसाच्या रक्तात औषध त्या पातळीच्या जवळपासही पोचत नव्हतं. पुढं मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. डेक्सामेथासोनचं उलट: जुनंच औषध, दिवसाला ६ मि.ग्रॅ. म्हणजे सहज देता येणारी मात्रा, आणि २०२० च्या ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' या मोठ्या चाचणीत ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांचे मृत्यू कमी झाले.

सीमेवरची

सर, हे ४.८ ग्रॅम वाचून डोळेच विस्फारले. आणि गटांचं काय करू? माझे गट असे: मधुमेह नसलेले, मधुमेह पण काही न लावलेले, मधुमेह अधिक साधं जेल, मधुमेह अधिक औषधी जेल, मधुमेह अधिक सिल्व्हर सल्फाडायझिन, मधुमेह अधिक तोंडानं औषध.

मार्कंडेय

काही न लावलेला गट काढा. तुमची खरी तुलना साध्या जेलशी आहे. जेल ओलावा धरतं आणि नुसत्या ओलाव्यानंही जखम भरायला मदत होते, त्यामुळं काही न लावलेल्या गटाशी तुलना केली तर मेटफॉर्मिनला फुकटचं श्रेय जाईल. सिल्व्हर सल्फाडायझिन जंतुनाशक आहे, जखम भरवायचं औषध नव्हे. उलट त्यानं वरची कातडी यायला उशीर होतो असं दाखवणारी कामं आहेत. 'स्टँडर्ड' म्हणून तो गट घालायची नुसती सवय पडलीय. उरले चार. मधुमेह नसलेल्यांनाही साधं जेल लावा, म्हणजे फरक फक्त मधुमेहाचा राहील.

चार गुणिले सहा, २४. एकूण जनावरांतून गटांची संख्या वजा केली की उत्तर १० ते २० मध्ये असावं, असा एक ढोबळ नियम आहे. २४ वजा ४ म्हणजे २०, बसतंय. तुमचे ३६ वजा ६ म्हणजे ३०, म्हणूनच टोकलं असणार. याहून बरं म्हणजे आधी छापलेल्या कामातून क्षेत्रफळाची सरासरी आणि विचलन घेऊन जी-पॉवर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर नमुना संख्या काढा. मधुमेह करताना काही उंदीर दगावतात, त्यांच्यासाठी जादा संख्या आधीच मागून ठेवा. मागाहून मागितली की भुवया उंचावतात.

खानापूरचा_पाऊस

मी पशुवैद्य. वरच्या हिशोबात हात घालत नाही, जनावरांचं सांगतो.

उंदरांना मधुमेह करायचं औषध, स्ट्रेप्टोझोटोसिन, थंड सायट्रेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), पीएच ४.५, उजेडापासून झाकून, टोचायच्या अगदी आधी विरघळवा. ठेवून दिलं की निकामी होतं. टोचल्यावर स्वादुपिंडाच्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं इन्शुलिन एकदम बाहेर पडतं, म्हणून पहिल्या रात्री साखर वाढत नाही तर कोसळते. दगावणारे बहुतेक उंदीर तेव्हाच जातात. पहिले २४ तास पिण्याच्या बाटलीत ग्लुकोजचं पाणी ठेवा, बरीच मरतूक तिथंच टळेल. साखर ७२ तासांनी तपासा, २५० च्या वर असेल तरच घ्या. नर घ्या, माद्यांवर हे औषध कमी चालतं. नंतर हे उंदीर इतकं मुततात की भुसा रोज बदलावा लागतो. अॅनिमल हाऊसच्या अण्णांशी आत्ताच गोडीनं बोलून ठेवा, पुढचं सगळं त्यांच्या हातात आहे.

भुलीसाठी केटामीन-झायलाझिन वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा: झायलाझिननं साखर चढते. त्या दिवशीची साखर भूल देण्याआधी मोजा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा पातळ थर असतो, तो जखमेचं तोंड आवळून बंद करतो. माणसाच्या पायाची जखम मात्र खालून नवं मांस भरून येत बरी होते. नुसतं क्षेत्रफळ मोजलंत तर तुम्ही आकसणं मोजाल, भरणं नाही. जखमेभोवती सिलिकॉनची रिंग टाक्यांनी बसवा, म्हणजे कातडी आवळणार नाही. मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे कळू देऊ नका. वेदनाशामकही लिहा, नाहीतर समिती पुन्हा परत पाठवेल, आणि योग्यच करेल. मेलॉक्सिकॅमसारखं औषध सूज कमी करतं, म्हणजे जखमेच्या पहिल्या टप्प्यातच ढवळाढवळ. तेव्हा कुठलं आणि किती दिवस ते विचार करून ठरवा, आणि सगळ्या गटांना सारखं द्या.

साधा_कुंदा

मला आता त्या उंदरांची जरा जास्तच काळजी वाटायला लागलीय. त्यांच्याआधी दुसरं काहीच करता येत नाही का?

मार्कंडेय

येतं, आणि करायलाच हवं. आधी फायब्रोब्लास्ट, म्हणजे जखम भरताना नवं मांस तयार करणाऱ्या पेशी डिशमध्ये वाढवायच्या, थरावर एक ओरखडा काढायचा, वेगवेगळ्या तीव्रतेचं मेटफॉर्मिन घालून ओरखडा किती वेळात बुजतो बघायचं. जी तीव्रता पेशींनाच मारते ती तिथंच बाद. म्हणजे उंदरांवर एकच, विचार करून निवडलेली तीव्रता जाईल. पेशी पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून) मागवता येतात. कॉलेजात सोय नसेल तर बेळगावात आयसीएमआरची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथं गाईडमार्फत पत्र टाकून विचारा. नाही म्हणाले तर म्हणाले.

सीमेवरची

खूप खूप आभार सगळ्यांचे. प्रस्ताव नव्यानं लिहायला घेतलाय: चार गट, किलोला २००, आधी पेशींचा प्रयोग. सदस्यांना उत्तर देताना मार्कंडेय सरांचा साखर की जेल हा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात घेतेय. आप्पांना फोनवर सांगितला तर म्हणाले, "हे आधी सांगायचं की."

शेवटचं एकच: सिलिकॉनची रिंग विकत मिळते का? गाईडनाही माहीत नाही.

खानापूरचा_पाऊस

तयार शोधत बसू नका. अर्धा मि.मी. जाडीची सिलिकॉनची शीट मागवा आणि दोन मापांच्या पंचनं कापा. आतलं भोक जखमेपेक्षा थोडं मोठं ठेवा. उंदीर ती कुरतडतात, म्हणून प्रत्येकाला वेगळा पिंजरा लागेल. ही पिंजऱ्यांची संख्या प्रस्तावात लिहायला विसरू नका.