साठीनंतरचा विसर: काळजी कशाची करावी आणि प्रत्यक्षात काय करावे?

सांजवेळ:

मी ६१ वर्षांची आहे. माझ्या आईला ७२व्या वर्षी अल्झायमरचे निदान झाले आणि पुढची नऊ वर्षे मी तिचा आजार जवळून पाहिला. सुरुवात अगदी साधी होती. ती एकच गोष्ट दहा मिनिटांत तिसऱ्यांदा विचारायची आणि आपण ती आधी विचारली होती, याची तिला जराही जाणीव नसायची. पुढे एके सकाळी ती हातात कंगवा धरून बराच वेळ नुसती बसून राहिली. हातात कंगवा आहे हे तिला सांगता आले, पण त्याचे करायचे काय, हे आठवेना. शेवटी मी तिचा हात धरून केसांपर्यंत नेला, तेव्हा तो आपोआप फिरू लागला. तो प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

गेल्या वर्षभरात मलाही नावे पटकन आठवेनाशी झाली आहेत. ओळखीचा चेहरा समोर येतो, नाव ओठांवर येऊन अडकते आणि तासाभराने भलतेच काम करत असताना अचानक आठवते. चष्मा कुठे ठेवला, या खोलीत कशासाठी आले, हे तर रोजचे झाले आहे. घरच्यांनी स्मरणशक्तीच्या गोळ्या आणून दिल्या आहेत आणि धाकट्या बहिणीने मोबाइलवर बुद्धीचे खेळ घालून दिले आहेत. हा विसर वयाचा आहे की आईच्या आजाराची सुरुवात, हे कसे ओळखावे? आणि या वयात काही केल्याने खरोखर फरक पडतो, की जे व्हायचे ते होणारच?

निवृत्त चिकित्सक:

ताई, आपण दिलेल्या दोन वर्णनांतच पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. आपल्याला नाव तासाभराने आठवते, म्हणजे ते मेंदूत नीट साठलेले आहे. ते शोधून काढायला वेळ लागतो आहे. वय वाढते तसा मेंदूच्या कामाचा वेग कमी होतो आणि त्याचा फटका सर्वांत आधी विशेषनामांना बसतो. आपल्या आईंच्या बाबतीत प्रश्न विचारल्याची नोंदच होत नव्हती, त्यामुळे आठवण करून देऊनही काही उपयोग होत नसे. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, वर्षानुवर्षे सांभाळलेले हिशेब जमेनासे होणे, सवयीच्या कामातील पायऱ्यांचा क्रम विसरणे, आणि हे सारे स्वतःपेक्षा घरच्यांच्या आधी लक्षात येणे, ही लक्षणे दिसली तर मात्र थांबू नये.

तरीही नुसत्या लिहिलेल्या मजकुरावरून निदान होत नाही, म्हणून एकदा रीतसर तपासणी करून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. त्याचे कारण केवळ अल्झायमरची शंका हे नाही. बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले काम, नैराश्य, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, यांपैकी कशानेही स्मरण कमकुवत होते आणि या सर्वांवर उपचार आहेत. काही औषधांचाही यात हात असतो. ॲलर्जीची जुन्या प्रकारची औषधे, झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्या आणि लघवीवरील ताबा राहावा म्हणून दिली जाणारी काही औषधे ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या कामात अडथळा आणतात, आणि स्मरणाला तर तेच रसायन लागते. माझ्याकडे आलेले एक गृहस्थ सर्दीसाठी म्हणून सुरू केलेली गोळी झोप चांगली लागते या कारणाने चार वर्षे घेत होते. ती बंद केल्यानंतर काही आठवड्यांत त्यांच्या पत्नीने सांगितले की, ते पुन्हा पूर्वीसारखे बोलू लागले आहेत.

आनुवंशिकतेविषयी थोडे सांगतो. एकाच जनुकातील दोषामुळे पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा अल्झायमर अतिशय विरळ असतो आणि तो सहसा ६५ वर्षांच्या आतच दिसू लागतो. आपल्या आईंचा आजार त्यानंतरचा होता. अशा वेळी मुलांचा धोका इतरांपेक्षा काहीसा वाढतो, पण ते विधिलिखित नव्हे.

आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली आणि ही कारणे दूर झाली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) टाळता किंवा लांबवता येईल, असा अंदाज मांडला. हा आकडा संपूर्ण लोकसंख्येचा आहे. एखाद्या व्यक्तीचा धोका नेमका तेवढाच घटेल, असा त्याचा अर्थ घेऊ नये. त्या यादीतील एकच गोष्ट निवडायची झाली, तर मी रक्तदाब निवडेन. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत उच्च रक्तदाब असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या नऊ हजारांहून अधिक लोकांचे दोन गट केले होते. एका गटाचा वरचा रक्तदाब १४०च्या खाली, तर दुसऱ्याचा १२०च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न झाला. दुसऱ्या गटात स्मृतिभ्रंशाच्या आधीची सौम्य अवस्था सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळली. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातील फरक मात्र ठामपणे सांगण्याइतका नव्हता. मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबाने कडक होतात आणि तोवर माणसाला कसलाही त्रास जाणवत नाही, म्हणून मोजल्याशिवाय हे कळतच नाही. दाब किती खाली आणायचा हे मात्र आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे, कारण तो फार उतरला तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

पायवाट:

वरील प्रतिसादात कानांचा उल्लेख राहिला आहे, म्हणून लिहिते. माझे पती ७३ वर्षांचे आहेत. दोन वर्षे आम्ही सर्वजण त्यांना विसराळू समजत होतो. सकाळी सांगितलेले संध्याकाळी त्यांना ठाऊक नसे, चारचौघांत ते गप्प बसत आणि हळूहळू त्यांनी कुठे जाणेच सोडले. एकदा मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून काही विचारले आणि त्यांनी मान हलवून ‘बरं’ म्हटले. प्रश्न तर किती वाजले असा होता. त्या क्षणी माझ्या लक्षात आले की, त्यांना ऐकूच आलेले नाही, आणि जे ऐकलेच नाही ते आठवणार कुठून?

श्रवणयंत्र लावल्यावर पहिले तीन आठवडे त्यांनी ते काढून ठेवण्याचाच हट्ट धरला, कारण भांड्यांचा आवाजही त्यांना सहन होत नसे. डॉक्टरांनी यंत्राचा आवाज टप्प्याटप्प्याने वाढवत नेला, तेव्हा ते रुळले. अर्थात हा एका घरचा अनुभव आहे आणि शास्त्रीय पुराव्याची बाजू थोडी गुंतागुंतीची आहे. २०२३ मध्ये ७० ते ८४ वयोगटातील लोकांवरील तीन वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सर्वांचा एकत्र विचार केला असता श्रवणयंत्रामुळे बुद्धीच्या चाचण्यांत विशेष फरक दिसला नाही. परंतु ज्यांना उच्च रक्तदाब, मधुमेह अशा कारणांनी आधीच धोका जास्त होता, त्यांच्यात घसरण जवळपास निम्म्याने मंदावलेली आढळली. मला तर माणसांत परत येणे हाच मोठा लाभ वाटतो, आणि एकटेपणा हे स्मृतिभ्रंशाच्या धोक्याचे एक कारण आहेच.

अक्षरवेडा:

गोळ्या आणि खेळ यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. गिंको या वनस्पतीच्या अर्काची चाचणी ७५ वर्षांवरील तीन हजारांहून अधिक लोकांवर झाली होती. २००८ मध्ये तिचे निष्कर्ष आले आणि स्मृतिभ्रंश टाळण्यात त्याचा काहीही उपयोग दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत ब आणि ई जीवनसत्त्वे किंवा मिश्र पूरक गोळ्या या हेतूने घेऊ नयेत, असे म्हटले आहे. शरीरात खरोखर कमतरता असेल तर ती भरून काढणे वेगळे, आणि कमतरता नसताना स्मरण वाढेल या आशेने गोळी घेणे वेगळे.

मोबाइलवरच्या खेळांनी मुख्यतः तो खेळच चांगला जमू लागतो. त्यापेक्षा जे येत नाही ते शिकावे. नवी भाषा, वाद्य, विणकामाची अवघड वीण, काहीही चालेल, पण त्यात चुका होत राहिल्या पाहिजेत. आणि रोज चालावे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० वयस्क व्यक्तींपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, सुमारे ४० मिनिटे, जरा वेगाने चालण्याचा व्यायाम केला. त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणींची नोंद करणारा भाग, सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते शरीर ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या उरलेल्या गटात तो थोडा आकसला. प्रयोग लहान होता, हे खरे. पण एरवी वयाबरोबर आकसत जाणारा हा भाग साठीनंतरही वाढू शकतो, या एका गोष्टीने मला चालायला घराबाहेर काढले.

नावांसाठी मी एक साधी सवय लावून घेतली आहे. नाव अडले की लगेच कुणाला विचारत नाही किंवा मोबाइलमध्ये पाहत नाही. दोन मिनिटे स्वतः आठवून पाहतो, मग पाहतो, आणि संध्याकाळी ते पुन्हा एकदा आठवतो. नुसते वाचण्यापेक्षा स्वतःहून आठवण्याच्या कष्टाने ते अधिक पक्के बसते.

सांजवेळ:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तपासणी झाली. स्मरणाच्या चाचणीत ३० पैकी २८ गुण मिळाले, थायरॉइड ठीक आहे, पण बी-१२ बरेच कमी निघाले आहे आणि त्याची इंजेक्शने सुरू झाली आहेत. घरच्यांनी आणलेल्या गोळ्या मी बाजूला ठेवल्या. श्रवणचाचणी बुधवारी आहे. एक शंका उरली आहे: मी गेली सहा वर्षे रोज सकाळी आम्लपित्ताची गोळी घेते. तिचा याच्याशी काही संबंध असेल का?

निवृत्त चिकित्सक:

असू शकतो. अन्नातील बी-१२ सुटे होण्यासाठी पोटातील आम्ल लागते, त्यामुळे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर बी-१२ कमी पडू शकते. मधुमेहावरील मेटफॉर्मिननेही असे घडते. आम्लपित्ताची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, कारण तसे केल्यास काही दिवस आम्ल उलट अधिक वाढते. पुढच्या भेटीत घेत असलेल्या सर्व औषधांच्या पाकिटांसह जा आणि ती अजूनही लागते का, हे विचारा. बी-१२ची पातळी पुन्हा केव्हा तपासायची, तेही त्याच वेळी ठरवून घ्या.