प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ला मराठीत ‘प्रजासत्ताक’ म्हणायचं का?

खडूफळा:
भाचा एमपीएससीचा अभ्यास करतोय, काल सहज त्याच्या झेरॉक्स नोट्स चाळत होते तर एका पानावर वाक्य, ‘प्लेटोने प्रजासत्ताकाचा पुरस्कार केला.’ चहाचा कप हातातच राहिला. अहो ज्या माणसाच्या नगरात तत्त्वज्ञ राज्य करणार, रक्षकांना स्वतःचं घर नाही, सोनंनाणं नाही, बायकोमुलंसुद्धा स्वतःची म्हणता येत नाहीत, आणि शेतकरी कारागीर वगैरेंनी आपापलं काम करायचं, कारभारात तोंड घालायचं नाही, तिथे प्रजेची सत्ता आली कुठून? भाच्याला विचारलं तर म्हणतो, मावशी पुस्तकाचं नावच रिपब्लिक आहे ना, मग रिपब्लिक म्हणजे प्रजासत्ताक, सव्वीस जानेवारी! आता त्याला चूक तरी कसं म्हणू, डिक्शनरीत तेच दिलंय. तर मूळ ग्रीक शब्द काय आहे आणि त्याला मराठीत काय म्हणावं? जाणकारांनी सांगा प्लीज.

पिंपळपार:
मूळ नाव ‘पोलितेइया’. पोलिस म्हणजे नगर, पोलितेस म्हणजे नागरिक, आणि पोलितेइया म्हणजे एकाच वेळी बरंच काही, नागरिकत्व, नगराचा कारभार कोणी आणि कसा करायचा त्याची मांडणी, आणि त्या नगरातल्या लोकांची जगायची रीत पण. (आपले खाकीतले पोलीस फिरत फिरत याच घराण्यातून आलेत.)
रिपब्लिक हा शब्द ग्रीकच नाही. तो रोमचा, ‘रेस पब्लिका’. सिसेरो या रोमन विचारवंताने इ.स.पू. पहिल्या शतकात प्लेटोवरून स्फूर्ती घेऊन स्वतःचा ग्रंथ लिहिला त्याचं नाव रेस पब्लिकावरच ठेवलं, आणि त्यात व्याख्या केली की रेस पब्लिका म्हणजे रेस पोपुली, म्हणजे लोकांची चीज, सगळ्यांचा मामला. पुढे लॅटिनवाल्यांनी प्लेटोच्या पुस्तकालाही तेच नाव चिकटवलं, लॅटिनचं इंग्रजीत रिपब्लिक झालं, आणि आपण इंग्रजी बघून प्रजासत्ताक केलं. जर्मन लोक याच पुस्तकाला ‘डेर श्टाट’ म्हणतात, म्हणजे नुसतं ‘राज्य’, त्यामुळे तिथल्या भाच्यांना हा प्रॉब्लेम येत नसणार :)
अजून एक गंमत. प्लेटोचा शिष्य अॅरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यमंडळींनी नगरानगरांच्या पोलितेइया गोळा केल्या, जुन्या याद्यांत १५८ आकडा आहे. बाकी सगळ्या हरवल्या, अथेन्सची तेवढी इजिप्तमधल्या पपायरसवर सापडली आणि १८९१ मध्ये छापली गेली. तिला मात्र सगळे ‘अथेन्सची राज्यघटना’ म्हणतात. शब्द तोच, गुरूच्या पुस्तकावर रिपब्लिक आणि शिष्याच्या पुस्तकावर घटना!

ताकभात:
एवढा कीस कशाला, ‘आदर्श राज्य’ लिहायचं आणि पुढे जायचं. परीक्षेत तेच चालतं.

पिंपळपार:
चालतं हो, पण तो अर्थ नाही ना. त्याच पुस्तकाच्या आठव्या भागात प्लेटो बिघडलेल्या पोलितेइया सांगतो, आधी मानसन्मानाला हपापलेल्यांची, मग पैसेवाल्या मूठभरांची, मग लोकशाही आणि शेवटी जुलूमशाही. लोकशाहीचा नंबर जुलूमशाहीच्या बरोब्बर आधी, हे तुमच्या भाच्याला मुद्दाम सांगा. आता या चौघींना ‘आदर्श राज्य’ कसं म्हणणार?

खडूफळा:
मग ‘प्लेटोची राज्यघटना’ म्हणू का? पण राज्यघटना म्हटलं की डोळ्यासमोर कलमं, अनुसूच्या, दुरुस्त्या येतात, प्लेटोकडे तसलं काही नाही.

बोरूबहाद्दर:
ताई, म्हाताऱ्याचं जरा ऐका. ‘घटना’ हा शब्द आपण मराठी लोक दोन अर्थांनी वापरतो आणि त्यामुळे घोळ होतो. नोकरीत असताना एका हिंदी भाषिक सहकाऱ्याला मी म्हटलं की ‘घटना बदलायची चर्चा चालू आहे’ तर तो बिचारा घाबरून विचारतो, कुठे, कोणाला लागलं? त्यांच्याकडे घटना म्हणजे प्रसंग, बहुतेक वाईटच, आणि आपल्या घटनेला ते संविधान म्हणतात. पण मुळात घटना म्हणजे घडवणं, जुळवून उभं करणं. बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणतो ते किती नेमकं बसतं बघा, शिल्पकार घडवतोच.
म्हणून माझं मत, पोलितेइयाला साधा मराठी शब्द आहे, ‘घडण’. नगराची घडण. इंग्रजी कॉन्स्टिट्यूशनलाही शरीराची ठेवण, प्रकृती असा अर्थ आहेच. आणि प्लेटोला तर हा शब्द जास्तच मानवतो कारण तो नगराची पोलितेइया सांगता सांगता माणसाच्या आत पण एक पोलितेइया असते म्हणतो, शहाण्या माणसाने आधी ती सांभाळावी. तिथे तुम्ही राज्यघटना घातलीत तर हसू येईल, प्रजासत्ताक घातलंत तर अर्थच जाईल, पण ‘मनाची घडण’ आपण रोज म्हणतो.
अॅरिस्टॉटलचा एक दाखला पण आठवला. तो विचारतो नगर तेच राहिलं की बदललं हे ठरवायचं कशावरून, भिंतींवरून? माणसांवरून? आणि उत्तर देतो की कोरसमधली (ग्रीक नाटकातल्या गाणाऱ्या चमूतली) माणसं तीच असतात पण आज शोकांतिकेत उभी राहिली आणि उद्या विनोदी नाटकात, तर आपण कोरस वेगळा म्हणतो. तसंच घडण बदलली की नगर वेगळं. ‘राज्यव्यवस्था बदलली की नगर वेगळं’ असं म्हणून बघा, ऑफिसच्या सर्क्युलरसारखं वाटतं.

खडूफळा:
वा काका! हे आवडलं.

उंबरठा:
‘घडण’ला माझं पण मत. पण मला वेगळीच शंका, मुळात रिपब्लिकला तरी प्रजासत्ताक बरोबर आहे का? प्रजा म्हणजे आधी अपत्य (प्रजोत्पादन आठवा) आणि मग राजाची रयत. म्हणजे राजा असेल तरच प्रजा. राजा नाही तिथे प्रजा शब्द आणून वर तिला सत्ताक जोडायचं, उलटंच झालं की. आपल्या घटनेच्या उद्देशिकेच्या मराठीत ‘लोकशाही गणराज्य’ आहे आणि सव्वीस जानेवारी मात्र प्रजासत्ताक दिन. शाळेत दोन्ही पाठ केलं, कधी विचारच केला नाही.

पिंपळपार:
युरोपातही या शब्दाचं तसंच झालंय. इटलीचा राजकीय विचारवंत मॅकियाव्हेली म्हणतो राज्यं दोनच प्रकारची, एक रिपब्लिक नाहीतर एका राजाची. म्हणजे राजा नाही ते रिपब्लिक, हा आपल्या ओळखीचा अर्थ. पण बोदँ नावाचा फ्रेंच विचारवंत १५७६ मध्ये रिपब्लिकवर सहा भागांचा मोठा ग्रंथ लिहितो, सार्वभौमत्वाची व्याख्या त्यातली प्रसिद्ध आहे, आणि त्याला सगळ्यात बरी वाटते राजेशाही! कारण त्याच्या लेखी रिपब्लिक म्हणजे नुसतं राज्य.
आणि व्हेनिस घ्या. शेकडो वर्षं रिपब्लिक म्हणून मिरवलं, १७९७ ला नेपोलियनने संपवलं तोपर्यंत, पण १२९७ पासूनच मोठ्या सभेचं दार ठराविक घराण्यांपुरतं बंद होत गेलेलं. तिथल्या कोळ्याला किंवा सुताराला ‘तुझी सत्ता आहे रे’ म्हटलं असतं तर तो हसला असता. फ्रेंच विचारवंत मॉंतेस्क्यू १७४८ मध्ये हे सरळ मान्य करतो, रिपब्लिकमध्ये सत्ता सगळ्या लोकांकडे असेल किंवा काही लोकांकडे, पहिली लोकशाही आणि दुसरी उमरावशाही, दोन्ही रिपब्लिकच. उमरावांच्या राज्याला प्रजासत्ताक म्हणायचं म्हणजे कठीणच आहे.
रूसोने तर कहर केला. १७६२ च्या पुस्तकात म्हणतो कायद्याने चालणारं कुठलंही राज्य म्हणजे रिपब्लिक, कारभार कुठल्या का पद्धतीचा असेना, आणि खाली तळटीप टाकून सांगतो की अशा अर्थी राजेशाहीसुद्धा रिपब्लिक असू शकते. त्याच्या डोक्यात कायदे करणारे लोक वेगळे आणि ते राबवणारं सरकार वेगळं, म्हणून त्याला हे म्हणता येतं. इथे ‘प्रजासत्ताक राजेशाही’ लिहिलं की वाचणारा पुस्तक मिटून ठेवेल. कांट १७९५ मध्ये बजावतो की रिपब्लिकन आणि लोकशाही यांची गल्लत करू नका. आपण शब्दातच गल्लत करून ठेवलीय.

उंबरठा:
म्हणजे गणराज्य बरं का? गण म्हणजे गट, किती मोठा ते सांगत नाही, व्हेनिस पण बसतं त्यात.

पिंपळपार:
हो, रिपब्लिकला गणराज्य. फक्त प्लेटोला लावू नका.

ताकभात:
बरं मग कॉमनवेल्थ? हॉब्ज या इंग्रज विचारवंताचं वाचायला घेतलं होतं, तीस पानांत झोप आली, पण तो शब्द सारखा येतो. राष्ट्रकुल लिहू?

बोरूबहाद्दर:
अरे बाबा नको! राष्ट्रकुल म्हणजे क्रिकेटवाले देश आणि राष्ट्रकुल स्पर्धा. हॉब्जचा कॉमनवेल्थ म्हणजे रेस पब्लिकाचंच इंग्रजी रूप, सगळ्यांच्या हिताची सामाईक गोष्ट. १६४९ मध्ये इंग्लंडने राजाचं डोकं उडवलं आणि स्वतःला कॉमनवेल्थ म्हणवून घेतलं, दोन वर्षांनी हॉब्जचं ‘लेव्हायथन’ आलं, त्याच्या पूर्ण नावात पण कॉमनवेल्थ आहे, आणि पठ्ठ्याला पसंत काय तर राजा. आधीच्या अर्थाने शब्द वापरला होता त्याने, माणसांनी आपापसात करार करून उभं केलेलं राज्य. तिथे नुसतं ‘राज्य’ लिही.

झोपाळा:
अवांतर, ग्रीक लोक मत न देणाऱ्याला इडियट म्हणायचे ना? आमच्या फॅमिली ग्रुपवर प्रत्येक इलेक्शनला येतं.

पिंपळपार:
अर्धं खरं. इदिओतेस म्हणजे खाजगी माणूस, पदावर नसलेला, किंवा एखाद्या कामात तज्ज्ञ नसलेला, आपण ‘मी काय त्यातला नाही बुवा’ म्हणतो तसा. शिवीचा अर्थ नंतरचा. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या ज्या भाषणाचा हवाला देतात, इतिहासकार थ्युसिडिडीसने दिलेलं, त्यात सार्वजनिक कामात भाग न घेणाऱ्याला तो ‘आख्रेइओस’ म्हणतो, म्हणजे निरुपयोगी, बिनकामाचा. इडियट त्या वाक्यात नाहीच. आणि अथेन्समध्ये बरीचशी पदं मतदानाने नाही, चिठ्ठ्या टाकून भरायचे, तेही ग्रुपवर टाका.

झोपाळा:
टाकतो, काका मंडळी भडकतील :D

खडूफळा:
सगळ्यांचे आभार. भाच्याच्या नोट्समध्ये प्रजासत्ताक खोडून वर पेन्सिलीने ‘नगराची घडण’ लिहिलं. तो म्हणतो मावशी, ऑब्जेक्टिव्ह पेपरमध्ये पर्यायात ‘घडण’ येणार नाही. ते पण खरंच आहे. आता पुढच्या पानावर रूसोच्या जनरल विलला ‘सर्वांची इच्छा’ लिहिलंय आणि रूसो तर म्हणतो सगळ्यांच्या इच्छांची बेरीज वेगळी आणि जनरल विल वेगळी, त्याला काय म्हणायचं?

बोरूबहाद्दर:
ताई, त्याला वेगळा धागा काढा, जेवून येतो.