रेंजर शहरात आल्यावर त्याला काम कोणते द्यावे?

खानापूरचा डीएम

नमस्कार. खानापुरात आम्ही पाच जण, म्हणजे चार खेळाडू आणि डीएम (डंजन मास्टर, म्हणजे कथा सांगून निवाडा करणारा) या नात्याने मी, गेल्या पावसाळ्यापासून डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत कथा रंगवण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीची एक मोहीम खेळत आहोत. नियम २०१४ च्या पुस्तकातले आहेत. पहिला मोठा भाग भीमगडच्या रानासारख्या दाट जंगलात घडला. कणकुंबीच्या बाजूला पावसात वाटा कशा बुजतात हे सर्वांनी पाहिलेले असल्यामुळे मला वर्णनावर फार शब्द खर्चावे लागले नाहीत आणि आमच्या रेंजरमुळे, म्हणजे रानवाटांचा जाणकार असलेल्या पात्रामुळे, गट एकदाही वाट चुकला नाही.

आता कथा एका तटबंदीच्या शहरात आली आहे. बेळगावचा भुईकोट किल्ला आणि त्याचा खंदक डोळ्यांसमोर ठेवूनच मी त्या शहराचा नकाशा काढला. गेल्या चार बैठकांत रोग (इंग्रजी Rogue, चोरट्या कसबांचे पात्र) हा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, घेतलेली खेळाडू कुलपे उघडते, छपरांवरून फिरते, बाजारातल्या बातम्या काढते. रेंजर घेतलेला मुलगा मात्र लढाई सुरू होण्याची वाट पाहत बसून राहतो. त्याने तक्रार केलेली नाही, पण मागच्या खेपेस बैठक संपण्याआधीच त्याने आपले फासे पिशवीत भरून ठेवले होते आणि ते मला फार लागले. त्याला क्लास बदलू द्यावा, की कथाच पुन्हा रानात न्यावी?

निपाणीकर

चूक त्या मुलाची नाही. २०१४ च्या रेंजरला आपला आवडता भूप्रदेश निवडावा लागतो आणि त्या यादीत बर्फाळ मुलूख, किनारा, वाळवंट, अरण्य, गवताळ माळ, डोंगर, दलदल आणि जमिनीखालचे अंडरडार्क असे आठच पर्याय आहेत. शहर त्यांत नाहीच. २०२० साली आलेल्या 'टॅशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकात 'नॅचरल एक्सप्लोरर' या भूप्रदेशाशी बांधलेल्या गुणाच्या जागी 'डेफ्ट एक्सप्लोरर' घेण्याची मुभा आहे. त्यात पहिल्याच लेव्हलला एका कौशल्यातले प्रावीण्य दुप्पट होते आणि दोन जादा भाषा मिळतात. क्लास न बदलता एवढी अदलाबदल करून पाहा.

शहापूर पेठ

निपाणीकरांचा उपाय योग्य आहे, परंतु मला अडचण शहराच्याही आधीची वाटते. तुम्ही लिहिले आहे की गट एकदाही वाट चुकला नाही. मग रानातल्या त्या बैठकांत वाट शोधण्याचा प्रसंग प्रत्यक्ष खेळला गेला का, हे जरा आठवून पाहा. नॅचरल एक्सप्लोररचा नियमच असा आहे की आवडत्या भूप्रदेशात तासभर किंवा त्याहून अधिक प्रवास करताना जादूचा अपवाद वगळता गट चुकत नाही, अवघड जमिनीने त्याची चाल मंदावत नाही आणि अन्न दुप्पट मिळते. म्हणजे रेंजर ज्या गोष्टीत निष्णात, तीच गोष्ट त्याच्या निष्णातपणामुळे खेळातून वगळली जाते. रोगचे तसे नसते. कुलूप समोर येते, वीस बाजूंचा फासा पडतो, पंधरा गाठायचे असतात, पहारेकऱ्याच्या पावलांचा आवाज जवळ येत असतो आणि सगळे टेबल श्वास रोखून तिच्याकडे पाहते. दोघांनाही विशेष कौशल्य आहे, पण प्रसंग फक्त एकीला मिळतो.

याचे मूळ जुने आहे. १९७४ च्या पहिल्या नियमपुस्तिकांत फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक असे तीनच क्लास होते; भिंत चढायची किंवा सापळा शोधायचा तर कोणीही तसे सांगावे आणि डीएमने निवाडा करावा. १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत थीफ आला आणि कुलूप उघडणे, सापळा काढणे, दबक्या पावलांनी चालणे यांसाठी त्याच्यापुढे टक्केवारीचे आकडे मांडले गेले. आकडे त्याच्याकडे आहेत म्हटल्यावर बाकीच्यांना ते जमणारच नाही, असा समज अनेक टेबलांवर रुजला. विशेष क्लास एकाला काही देतो तेव्हा इतरांच्या हातून काहीतरी काढूनही घेतो, आणि डीएमने यावर सतत नजर ठेवायला हवी.

माझ्या टेबलावर मी रेंजरच्या नियमांतले एकच कलम घट्ट धरले: माग काढताना त्याला शत्रूंची नेमकी संख्या, त्यांचा आकार आणि ते किती वेळापूर्वी गेले हे कळते. हे कलमही भूप्रदेशाशी बांधलेले आहे, तरी शहराच्या हद्दीतही ते चालेल असे मी जाहीर केले. पाऊस पडून गेलेल्या बोळात चिखल असतोच.

हुक्केरीची पॅलाडिन

वरच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. आमच्याकडचा रेंजर 'आपण चुकणार नाही' हे वाक्य अभिमानाने म्हणत असे आणि तेवढ्याने त्याचे समाधान होत असे. म्हणून नियम बदलण्याआधी त्या मुलालाच विचारा. तो खरोखर कंटाळला आहे, की ही तुमचीच काळजी आहे?

दुसरे असे की शहर म्हणजे केवळ छपरे आणि कुलपे नव्हेत. बेळगावच्या बाजारात उभे राहिले की खानापूरच्या रानातला, चंदगडच्या घाटमाथ्यावरचा आणि पूर्वेच्या कन्नड मुलखातला माणूस एकाच रांगेत दिसतो, आणि भाव ठरवताना दुकानदार एका वाक्यात दोन भाषा वापरतो. तुमच्या शहरातही लाकूडफाटा, मध, गुरे कोठून तरी येतच असणार. ती माणसे रोगशी बोलणार नाहीत. रोगची थीव्हज कँट ही सांकेतिक बोली साध्या बोलण्यात दडवलेली असते आणि तिच्यात निरोप द्यायला चौपट वेळ लागतो. ती तिच्या जगापुरती ठीक आहे. रानातून आलेला गुराखी ज्याच्याशी आपल्या भाषेत मोकळेपणाने बोलेल, असा तुमच्या गटात एकच जण आहे. डेफ्ट एक्सप्लोररच्या त्या दोन जादा भाषा येथेच कामी लावा.

खानापूरचा डीएम

सर्वांचे मनापासून आभार. काल त्याच्याशी बोललो. त्याला क्लास बदलायचा नाही आणि कथा रानात परत नेण्याचीही गरज वाटत नाही. जंगलात असताना प्रत्येक फाट्यावर बाकीचे तिघे त्याच्याकडे वळून "आता कुठून?" असे विचारत; शहरात आल्यापासून तसे कोणी विचारले नाही, एवढेच तो म्हणाला. शहापूरचे म्हणणेही पटले, कारण आठवून पाहिले तर त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी मी त्याला एकदाही फासा टाकायला लावला नव्हता.

येत्या रविवारी सुरुवात खंदकाच्या काठावर करतो आहे. गाळात सहा जणांच्या पावलांचे ठसे असतील, त्यांपैकी एक लंगडा, आणि सगळे ठसे तटाच्या आत जाणारे. ते पाहिलेला गुराखी कोणती भाषा बोलतो हे अजून ठरवायचे आहे. आमच्यातले दोघे घरी कन्नड बोलतात, त्यामुळे तेवढा संवाद खरोखरच कन्नडमध्ये करावा असा विचार आहे. कोणी असे करून पाहिले असेल तर जरूर लिहावे.