नेक्सॉन ईव्ही की विंडसर? बडोद्यात कुठली घ्यावी

मंडळी, दांडिया बाजारात राहतो, ऑफिस मकरपुऱ्याला, अन् दिवाळी-मे मधे पुण्याला सासरवाडी. टाटाच्या नेक्सॉन ४५ ची (४५ युनिटची बॅटरी) एका चार्जमधली कागदावरची रेंज ४८९ किमी, एमजीच्या विंडसर ३८ ची (३८ युनिटची) ३३२, पण विंडसरची बॅटरी भाड्याने घेतली तर सुरवातीला पैसे कमी लागतात म्हणून मन डळमळतंय. काय करू?

— विंडसर तर आपल्या हालोललाच बनते की! मागच्या सीटवर बसून बघा एकदा, पाय पसरून बसाल, अन् डिकी ६०४ लिटर, सासूबाईंचे कुरडयांचे डबे सगळे मावतील.

— ते ठीक, पण भाड्याचं गणित मांडा आधी. २०२४ ला लाँचच्या वेळी किमीला ३.५ रुपये होतं, म्हणजे १५०० किमीला ५२५०, चार्जिंग वेगळं, वर गाडीचा हप्ता आहेच. कमी चालवली तर मिनिमम किती भरायचं ते लेखी घ्या, तोंडी नको.

— पुण्याला जायचंय ना, मग नेक्सॉन, डोळे झाकून. हायवेला एसी लावून ४८९ काही मिळत नाही, तरी एखादा थांबा वाचेल. पण वाड्यात चार्जर कुठे लावणार? मीटर कुणाच्या नावावर आहे?

— काकांच्या. विचारतो त्यांना.