घर पुण्यात, सदनिका दादरला, एक वास्तू इंदूरला: प्रोबेटचा अर्ज कोणत्या न्यायालयात करावा?

कोथरूडवासी

माझ्या वडिलांचे यंदा फेब्रुवारीत निधन झाले. अखेरचे काही आठवडे ते मुंबईतील रुग्णालयात होते आणि मृत्यूची नोंदही तेथेच झाली; मात्र निवृत्तीनंतर त्यांचे कायम वास्तव्य पुण्यातच होते. मृत्युपत्र त्यांनी पुण्यात करून नोंदवले असून त्यात एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती) म्हणून माझे नाव आहे. पुण्यातील राहते घर, दादरच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका आणि आजोबांनी त्यांच्या नावे करून दिलेले इंदूरचे घर, अशी तीन ठिकाणी त्यांची मिळकत आहे. अमेरिकेतील भावाची काहीही हरकत नाही. दोन साक्षीदारांपैकी एकच हयात आहेत. तेही ऐंशी ओलांडलेले, पुण्यात राहणारे. दादरच्या संस्थेचे पदाधिकारी प्रोबेटशिवाय, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याच्या न्यायालयाच्या प्रमाणपत्राशिवाय, माझे नाव लावण्यास तयार नाहीत. मृत्यू मुंबईत झाल्याने उच्च न्यायालयातच जावे लागेल, असे एक परिचित सांगतात, तर दुसऱ्यांच्या मते पुण्यातच अर्ज करावा. नेमके काय करावे?

फडके हौद

मृत्यू कोठे झाला, याला या प्रश्नात काहीही महत्त्व नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 270 नुसार मृत्युसमयी व्यक्तीचे कायम वास्तव्य ज्या जिल्ह्यात होते, किंवा तिची कोणतीही स्थावर वा जंगम मिळकत ज्या जिल्ह्यात आहे, तेथील जिल्हा न्यायाधीशांना प्रोबेट देता येते. रुग्णालयातील मुक्काम हे कायम वास्तव्य नव्हे. त्यामुळे पुणे न्यायालयाच्या अधिकाराविषयी शंका घेण्याचे कारण नाही. वास्तव्य एकीकडे आणि केवळ मिळकतीच्या आधारे अर्ज दुसरीकडे, असे झाले, तर दुसरा जिल्हा अधिक सोयीचा आहे या कारणावरून अर्ज नाकारण्याची मुभा कलम 271 जिल्हा न्यायाधीशांना देते. पुण्यात तोही प्रश्न उद्भवत नाही. माझे मत पुण्याच्या बाजूने आहे.

गिरगावकर

दादरची सदनिका विसरून चालणार नाही. मुंबईतील स्थावर मिळकतीसाठी उच्च न्यायालयाचेच प्रोबेट लागते, असे आम्ही आजवर पाहत आलो आहोत. शहर दिवाणी न्यायालयाला मृत्युपत्रविषयक अधिकारच नसल्याने मुंबईत अर्ज थेट उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत जातो.

निवृत्त शिरस्तेदार

वरील दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण निर्णय ज्यावर अवलंबून आहे ती बाब दोन्हींत आलेली नाही. न्यायालयाला अर्ज घेण्याचा अधिकार आहे का, हा एक प्रश्न. त्याने दिलेले प्रोबेट कोठवर चालते, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर कलम 273 मध्ये आहे. जिल्हा न्यायालयाचे प्रोबेट संपूर्ण राज्यातील मिळकतीस लागू होते. म्हणजे पुण्यात मिळालेले प्रोबेट दादरच्या सदनिकेलाही पुरेल आणि केवळ तिच्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. अडचण इंदूरची आहे. जिल्हा न्यायालयाचे प्रोबेट इतर राज्यांत चालायचे असेल, तर मृताचे वास्तव्य त्या न्यायालयाच्या हद्दीत असावे लागते, शिवाय राज्याबाहेरील मिळकतीचे मूल्य दहा हजार रुपयांपेक्षा अधिक असता कामा नये. आज दहा हजारांत घराचा दरवाजाही येत नाही, पण कायद्यातील आकडा तोच आहे. उच्च न्यायालयाच्या प्रोबेटला ही मर्यादा नाही. ते अन्य राज्यांतही चालते, आणि दादरची मिळकत असल्याने मुंबईला अर्ज करण्यास आपल्याला आधारही आहे.

संस्थेच्या आग्रहाविषयीही लिहायला हवे. मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतील स्थावराविषयीच्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची सक्ती ज्यामुळे होती, ते कलम 213 संसदेने डिसेंबर 2025 मध्ये वगळले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 154ब-13 मध्येही मृत सभासदाचा हिस्सा हस्तांतरित करण्यासाठी मृत्युपत्राचा आधार मान्य आहे. तेव्हा आधी संस्थेला हे लेखी कळवावे आणि नकार आल्यास तोही लेखी मागावा. मध्य प्रदेशात अशी सक्ती पूर्वीही नव्हती. त्यामुळे इंदूरच्या घराला केवळ नाव लावायचे असेल, तर कदाचित प्रोबेटविनाही काम होईल. परंतु ते विकायचे असेल, तर खरेदीदार आणि त्याला कर्ज देणारी बँक शांतपणे मृत्युपत्रावर विश्वास ठेवतील, अशी अपेक्षा मी करणार नाही.

फडके हौद

इंदूरचा मुद्दा मान्य. तरीही त्या वृद्ध साक्षीदारांना मुंबईला नेणे मला पटत नाही.

निवृत्त शिरस्तेदार

त्यांना न्यावे लागणार नाही. अर्ज विनाविरोध असेल, तर त्यांचे प्रतिज्ञापत्र पुण्यात नोटरीसमोर करून मुंबईत दाखल करता येते. मात्र त्यात विलंब करू नये. अर्जाचा मसुदा नंतर झाला तरी चालेल, प्रतिज्ञापत्र आधी करून ठेवावे. कोणी कॅव्हेट (हरकतीची सूचना) आणि त्यासोबत प्रतिज्ञापत्र दाखल केले, तर प्रकरण दाव्यात रूपांतरित होते आणि मग साक्ष टळत नाही. आपल्याकडे तशी चिन्हे दिसत नाहीत. खर्चाच्या दृष्टीने, न्यायालय शुल्क राज्यात एकाच कायद्याने आकारले जाते आणि प्रोबेटसाठी त्याची कमाल मर्यादा 75,000 रुपये आहे, त्यामुळे पुणे की मुंबई याने शुल्कात फरक पडत नाही; वकिलांच्या फीमध्ये अर्थातच पडतो. उच्च न्यायालयातील टेस्टामेंटरी (मृत्युपत्रविषयक) विभाग बारीकसारीक त्रुटी काढतो, म्हणून मिळकतीची यादी सातबारा, मिळकत पत्रिका आणि बँकेच्या दाखल्यांशी ताडूनच जोडावी. मूळ मृत्युपत्र न्यायालयात जमा करावे लागते, म्हणून दुय्यम निबंधकांकडून त्याची प्रमाणित प्रत आधीच घ्यावी.

कोथरूडवासी

सर्वांचे आभार. इंदूरचे घर आम्ही दोघे भावंडे विकण्याच्याच विचारात असल्याने अर्ज मुंबईला करते. साक्षीदार काकांचे प्रतिज्ञापत्र याच आठवड्यात करून घेते. भावाचे संमतीचे प्रतिज्ञापत्र तेथील भारतीय वाणिज्य दूतावासात केलेले चालेल ना?

निवृत्त शिरस्तेदार

चालेल. त्याच्या नावाचे स्पेलिंग मृत्युपत्रातील आणि पारपत्रातील एकच आहे, याची खात्री करून मगच त्याला सही करण्यास सांगावे.